ओठांत धरलेला दोरा

कॉलेजच्या वाचनालयात बोलायला मनाई आहे. दीड महिन्यापूर्वी एका दुपारी मी तिथे पुस्तकं परत करायला गेले होते आणि त्यातलंच एक उघडून बसले होते. तेवढ्यात धाकटा भाऊ दारात येऊन उभा राहिला. त्याने हाक मारली नाही. लांबूनच नुसते ओठ हलवून म्हणाला, "नाना गेले." शेजारच्या मुलींना काही कळलं नाही. मला मात्र कोणी कानाशी येऊन सांगावं इतकं स्वच्छ कळलं...

आम्ही गुजरातेतल्या लिंबायतचे. गल्लीतली बहुतेक माणसं खानदेशातून आलेली, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारी. खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, इतका आवाज असतो की ओरडूनही उपयोग नाही. म्हणून सगळे ओठांनी बोलतात आणि ती सवय घरीही घेऊन येतात. मलाही ती लागली आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सुपडू नानांच्या आलं.

नाना नात्याने आमचे कोणी नव्हते, शेजारी होते. शिक्षण चौथीपर्यंत. विणून झालेलं कापड तपासणं हे त्यांचं काम. मी घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच, आणि पहिल्याच वर्षी नापास झाले. अभ्यास केला नव्हता असं नाही. पण सातवीपर्यंत मराठी शाळा आणि पुढे सगळं गुजरातीत, त्यामुळे वाचायलाच इतका वेळ लागायचा की पेपर अर्धा राहायचा. वडील रागावले नाहीत. आणखी एकदा बस, नाही जमलं तर भेस्तानच्या मामांनी सांगितलेलं स्थळ बघू, एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

एका संध्याकाळी मी ओट्यावर वाचत होते. समोरच्या ओट्यावर चहा पिणाऱ्या नानांनी गल्लीपलीकडून माझ्या पुस्तकातल्या दोन ओळी मलाच म्हणून दाखवल्या. मी चपापले, तर ते हसून म्हणाले, "बेटा, तुना डोया नही, तुना होट वाची राह्यनात. होट जितला चालतीन, तितलीच तू चालशी." मग खिशातून सुताचा एक दोरा काढून मला दिला. वाचताना तो ओठांत धरायचा, पडू द्यायचा नाही. पहिले दोन दिवस मला दोऱ्याशिवाय दुसरं काही सुचलंच नाही. भाऊ विचारायचा, अभ्यास चाललाय की शिवणकाम? पण हळूहळू ओठ गप्प झाले आणि डोळे पुढे जाऊ लागले.

नंतर एकदा त्यांनी मला आपलं काम बघायला नेलं. टेबलावरून कापड सरकत होतं आणि नाना एकेक धागा न बघता सगळा पन्हा एका नजरेत घेत होते. बघून झालेलं कापड खाली पडत होतं. ते परत ओढून बघत बसलो तर दिवसाचे ताके कधी व्हायचे, असं ते म्हणाले. मी तर प्रत्येक ओळ झाली की मागची परत बघायची. त्यांनी ताक्यात घालायच्या पुठ्ठ्याची एक पट्टी कापून दिली: वाचलेली ओळ झाकत खाली सरकवायची. आणि मन भटकलं की समासात पेन्सिलीने एक बारीक रेघ मारायची, स्वतःला न रागावता. पहिल्या दिवशी समास रेघांनी भरला होता. महिन्याभराने पानाला एखादी रेघ राहिली.

वेग आला, तसा थोडा तोराही आला. चाचणीत एका प्रश्नातला 'नाही' मी वाचलाच नाही आणि सगळं उत्तर उलटं लिहून आले. नानांना म्हणाले, हे तुमच्या घाईमुळे झालं. आज ते आठवलं की वाईट वाटतं. ते म्हणाले, "मी तुले पयानं शिकाडं, थांबानं शिकाडानं राही गयं." पळायला शिकवलं, थांबायला शिकवायचं राहून गेलं, असं. डाग दिसला की तपासणारा कापडावर हात ठेवतो. तसंच प्रश्नातल्या 'नाही', 'फक्त', 'सोडून' अशा शब्दांवर बोट ठेवायचं, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं. आपली चूक इतक्या सहज कबूल करणारं मोठं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. ऐकायचे नाहीत ते एकाच बाबतीत. खोकला वाढत गेला तरी बिडी सुटली नाही.

मी परीक्षेला परत बसले तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते, आवाज बसला होता. शेवटच्या पेपरानंतर मी तशीच त्यांच्याकडे गेले. त्यांनी ओठांनीच विचारलं, "पूरा व्हयना?" मी म्हटलं, झाला, आणि दहा मिनिटं उरली, सगळ्या 'नाही'वर बोट ठेवलं. ते समाधानाने डोळे मिटून पडून राहिले. ती शेवटची भेट...

निकाल मागच्या आठवड्यात लागला. घरी सांगून मी खात्यात गेले. नानांच्या टेबलाशी आता दुसरा माणूस आहे. तो उभ्याने तपासतो, म्हणून नानांचं स्टूल भिंतीशी सरकवलेलं होतं. लूम चालू होते. दोरा माझ्या मुठीत होता. मी स्टुलाकडे बघून नुसते ओठ हलवले, "नाना, पास झाले." पण खात्यात ओठांनी बोललेलं लपत नाही. लांबच्या लूमवरच्या दोघा-तिघांनी माना वर केल्या. त्यांतल्या एका काकांनी तिथूनच ओठांनी विचारलं, सगळ्या पेपरांत?

मी म्हणाले, सगळ्या.