डावा कालवा उजवीकडे

दुपारचं जेवण अंगावर येतं तशी वैजयंती गच्चीवरच्या खोलीत सतरंजीवर आडवी होते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते. शेजारी चार निळे छाप वाळत पडलेत. चारही एकाच चेहऱ्याचे, शालनआत्याचे.

आत्या पाटबंधारे खात्यात ट्रेसर होती. धरणांचे, कालव्यांचे नकाशे गिरवण्यात तिची नोकरी गेली. रविवारी तिचं वर्षश्राद्ध. भिंतीवरचा फोटो तिच्या ब्लूप्रिंटसारखा निळाच हवा, हा वैजूचा हट्ट. मोबाइलमधला आत्याचा चेहरा तिने संगणकावर निगेटिव्ह केला, पारदर्शक फिल्मवर छापला, उन्हात निळा होणारा मसाला लावलेल्या कागदावर ठेवून वर काच दाबली आणि उन्हात धरला. छाप सुरेख येतो. पण आई दर वेळी तेच म्हणते, "आहेत वन्संच. पण वन्सं वाटत नाहीत गं." का वाटत नाहीत, ते वैजूला चारदा करूनही उमगलेलं नाही.

पापण्या जडावतात. पापण्यांच्या आतही निळंच.

"हा मसाला कसला गं, पिवळा?"

आत्या खोलीत उकिडवी बसलीय, बोटं थेट मसाल्याच्या वाटीत. ती आल्याचं वैजूला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते घड्याळाचं. ते उजव्या मनगटावर आहे.

"आत्या, हाताला लागेल. मी हातमोजे घालते."

"आम्ही नाही घातले कधी. मोबाइलमधनं निगेटिव्ह कशी काढलीस, ते सांग आधी."

वैजू सांगत जाते, आत्या मधे मधे "मग?" विचारत राहते. सांगता सांगता दोघी नकाशा विभागातल्या लांब टेबलाशी उभ्या असतात. खिडक्यांबाहेर पाणीच पाणी, टेबलाच्या उंचीला आलेलं, आणि आत एक थेंब नाही.

आत्या पेन उचलून धरणाचं नाव लिहू लागते. अक्षर वेडंवाकडं पडतं. जिचं अक्षर बघायला इंजिनीअर टेबलापाशी थांबायचे, तिचं!

"बघ, काय करून ठेवलंस माझं," ती म्हणते, पण रागावून नाही. "हात चुकीचा आलाय. का, ते शोध."

पेन डाव्या हातात. घड्याळ उजव्या. वैजू टक लावून बघत राहते.

"तू उलटी छापली गेलीस?"

"कशामुळे?"

"शाईची बाजू कागदाला टेकावी म्हणून मी फिल्म पालथी घातली. पण मग चित्र आधीच उलटं छापायला हवं होतं. म्हणजे पालथं घातल्यावर सुलट आलं असतं."

"आमच्याकडे असं झालं, की डावा कालवा उजवीकडे जायचा. पण नावं उलटी दिसायची, लगेच कळायचं." आत्या स्वतःच्या गालावरून हात फिरवते. "चेहऱ्यावर अक्षरं नसतात ना."

"आत्या, तू असतेस कुठे आता?"

"मंजुरी यायचीय अजून," आत्या हसते. बाहेरचं पाणी उतरू लागलंय. ती वैजूचं मनगट घट्ट धरते. हात गार, ओला. "ऊन जायच्या आत ऊठ."

वैजू उठते. साडेतीन. जिना उतरते ती थेट संगणकापाशी. चेहरा उलटवते, नवी फिल्म छापते, अंधारात ठेवलेला शेवटचा कागद काढते आणि गच्चीच्या कठड्यावर उरलेल्या उन्हात काच धरून उभी राहते. मग पाणी. पिवळा रंग वाहून जातो, निळा राहतो.

आई पदराला हात पुसत वर येते. ओल्या कागदाकडे बराच वेळ बघते.

"आल्या," एवढंच म्हणते. मग तिची नजर खाली जाते. "आणि तुझा हात कुणी धरला होता गं?"

वैजूच्या डाव्या मनगटावर चार बोटं उमटलीत, उन्हाने गडद निळी झालेली. ती आपला उजवा हात त्यांवर ठेवून बघते. आत्याची बोटं लांब होती. वैजूची पुरत नाहीत.