गरुडभाऊंना दोनदा उडवणाऱ्या निकमबाई

निकमबाईंची आणि माझी पहिली भेट नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या माझ्या दुकानात झाली. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. मी लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट करीत असे. एके दिवशी दुपारी हातात छत्री घेतलेल्या एक बाई आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी विचारले, "तुमच्या कॅमेऱ्यात माणूस उडतो का?" मी सांगितले, की आमच्याकडे नवरदेव घोड्यावर बसतो, त्याहून वर अजून कोणी गेलेले नाही. बाई हसल्या नाहीत. "मग आपण दोघं मिळून शिकू," एवढेच म्हणाल्या.

कुमुद निकम नाशिक रोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात, हे मला त्यानंतर कळले. अचाट शक्ती असलेले सगळे नायक परदेशातच का राहतात, असे वर्गातल्या मुलांनी त्यांना विचारले होते. दुसऱ्या कोणी असला प्रश्न हसण्यावारी नेला असता. बाईंनी त्यावर सिनेमा काढायचे ठरवले. त्यांचा नायक म्हणजे गरुडभाऊ. लाल उपरणे खांद्यावर, तोंडाला मुखवटा, आणि कोणी संकटात सापडले की गोदाकाठावरून उडत येणार. भूमिकेसाठी त्यांनी दत्तूभाऊ गायधनींना गाठले. दत्तूभाऊ कबड्डीचे नावाजलेले खेळाडू, धंदा पिठाच्या गिरणीचा. चित्रीकरणाला ते बहुधा केसांत पीठ घेऊनच यायचे.

उडण्याचे दृश्य आम्ही कसे केले, हे आज सांगायला हरकत नाही. दत्तूभाऊ बैलगाडीवरून कडब्याच्या ढिगावर उडी घ्यायचे आणि मी खाली उताणा पडून फक्त त्यांना आणि आभाळाला टिपायचो. ढीग दिसला की बाई पुन्हा उडी मारायला लावायच्या. दत्तूभाऊंनी कधी कुरकुर केली नाही. एकदा एका वस्तीवर चित्रीकरण चालू असताना त्यांना फार तहान लागली. त्या घरातल्या माउलीने पाण्यापाठोपाठ चहाही आणून दिला. मुखवटा नाकापर्यंत वर सरकवून दत्तूभाऊ बशीतून चहा पिऊ लागले. कॅमेरा बंद करायचे माझ्या ध्यानात राहिले नव्हते. संकलन करताना मी तो तुकडा कापायला निघालो, तर बाईंनी माझा हात धरला. "हे राहू दे. ज्याला वाचवलं त्याच्या घरचा चहा नाकारून कोणी जात नाही," त्या म्हणाल्या. मग प्रत्येक सुटकेनंतर गरुडभाऊंनी चहा घ्यायचा, असे ठरूनच गेले.

तो सिनेमा गणपतीच्या मंडपांतून, यात्रांतून, शाळांतून इतका फिरला, की कॅसेट घासून चित्रावर रेघा येऊ लागल्या. दत्तूभाऊंना लोक नावाने हाक मारीनासे झाले. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या बायकासुद्धा "गरुडभाऊ, गहू बारीक दळा," असे म्हणत.

त्याच काळात मला टायफॉइड झाला. ऐन लग्नसराई, दुकान बंद ठेवणे परवडणारे नव्हते. बाई उन्हाळी सुट्टीत रोज नाशिक रोडहून येऊन माझ्या दुकानात बसू लागल्या. मी हिंडू-फिरू लागलो तेव्हा एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आले. बाईंनी त्यांनी दुकानात दिलेल्या लग्नपत्रिकेतले शुद्धलेखन तपासून दिले होते म्हणे, आणि वर "छापण्याआधी दाखवायची होती," असे सुनावलेही होते. ते गृहस्थ रागावले होते, पण पुढच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मात्र त्यांनी आधी बाईंकडेच नेली.

पुढे दहा-बारा वर्षे गेली. घरोघरी केबल आली, परदेशी महानायक हिंदीत बोलू लागले. बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढले होते. गरुडभाऊ पुन्हा पहिल्यापासून, नव्या रूपात करू या, म्हणून ती मुले बाईंच्या मागे लागली. कॅमेरा आता डिजिटल होता, संगणकावर माणूस खरोखर उडवता येत होता. बाई तयार झाल्या. प्रश्न एकच होता. उपरणे कोणाच्या खांद्यावर द्यायचे?

दत्तूभाऊ धरूनच चालले होते, की ते आपल्याच खांद्यावर येणार. त्यांनी सकाळी पळायला जायला सुरुवातही केली होती. मंडळातली मुले म्हणाली, त्यांना नायकाच्या बापाची एखादी छोटी भूमिका देऊन टाकू, म्हणजे वाईट वाटणार नाही. बाईंना ते पटले नाही. निरोप न धाडता त्या स्वतः गिरणीवर गेल्या. मी सोबत होतो.

"दत्तूभाऊ, या खेपेला तुम्हाला घेता येणार नाही. लहानशा कामातही नाही," त्यांनी सांगून टाकले.

दत्तूभाऊंनी गिरणी बंद केली. "बाई, पोट सुटलंय, मान्य आहे. पण लोक अजून मलाच गरुडभाऊ म्हणतात."

"म्हणूनच. तुम्ही पडद्यावर दिसलात, की लोक जुना सिनेमा आठवत बसतील. नव्या पोराकडे कोणी बघणार नाही."

दत्तूभाऊंनी गिरणी पुन्हा चालू केली. त्यानंतर बाई नेहमीसारख्या दळण घेऊन जात राहिल्या. दत्तूभाऊ दळून देत, पण एक शब्द बोलत नसत. शेजारणींनी दुसरी गिरणी सुचवली तेव्हा बाई म्हणाल्या, की राग त्यांचा आहे, तो त्यांना करू द्यावा, आपण जायचे थांबवू नये.

नवा गरुडभाऊ झाला किरण अहेर. कॉलेजात नाटके करणारा देखणा, उंच मुलगा. मंडळातल्या मुलांनी नायकाचे उपरणे काळे केले. आजचा नायक गंभीर हवा, असे त्यांचे म्हणणे. तो हसायचा नाही, कोणाशी बोलायचा नाही, संगणकावर मात्र असा उडायचा, की आम्हीच बघत राहायचो. चहा अर्थातच गेला. बाईंना काही गोष्टी खटकत होत्या, पण मुलांना त्यांच्या मनासारखे करून बघू द्यावे, हा त्यांचा वर्गातलाच शिरस्ता.

पहिला खेळ आम्ही सायखेड्याला ठेवला. नदीकाठच्या त्या मोठ्या गावात जुना सिनेमा लोकांना तोंडपाठ होता. दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात पडदा लागला, गर्दी चांगली जमली. अर्ध्या तासात पुरुष पान-तंबाखूला उठू लागले. गरुडभाऊ कड्यावर उदास उभा होता, तेव्हा कोणीतरी जांभई दिली आणि सगळे हसले. मंडळातली मुले पडद्यामागे मान खाली घालून बसली. बाई मात्र बायकांमध्ये सतरंजीवर बसल्या होत्या. शेजारच्या एका बाईंना त्यांनी विचारले, की आवडला नाही का?

त्या बाई म्हणाल्या, "दिसायला लय भारी हाय. पण त्याला काय दुखत नाय, कोणाची काळजी नाय. मंग आम्ही कशाला जीव टांगायचा? आन चहा का नाय घेतला त्यानं? रागावलाय का आमच्यावर?"

परतीच्या जीपमध्ये मुले जवळजवळ रडकुंडीला आली होती. सिनेमा गुंडाळून ठेवू, असे एकाने म्हटलेही. बाईंनी त्यांना कोणालाही बोल लावला नाही. त्यांचे एक वाक्य मी आजही विसरलेलो नाही. त्या म्हणाल्या, "नव्यानं सांगताना चेहरा बदलला, कपडे बदलले, तरी लोक चालवून घेतात. तो आपल्यातला राहिला नाही, की मात्र उठून जातात."

दुसऱ्याच दिवशी त्या गिरणीवर गेल्या आणि दत्तूभाऊंना म्हणाल्या, की आमचा सिनेमा पडलाय, बघायला येता का? इतक्या महिन्यांनी दत्तूभाऊ प्रथमच बोलले. "पडला?" त्यांनी विचारले. त्या आवाजात आनंद नव्हता. काळजी होती. ते माझ्या दुकानात आले, सबंध सिनेमा त्यांनी मांडीवर हात ठेवून पाहिला. मग म्हणाले, "पोरगं चांगलं आहे. पण ते पहिल्यापासूनच गरुडभाऊ आहे. ते घाबरत नाही. मी प्रत्येक उडीला घाबरायचो, बाई. गाडीवरून खाली बघितलं, की एक पाऊल मागे घ्यायचो. ते लोकांना दिसत असणार."

बाईंनी विचारले, किरणला शिकवाल का? दत्तूभाऊ म्हणाले, "बैलगाडी मागवा."

पुढचा महिनाभर किरण संगणक सोडून कडब्यावर उड्या मारत होता. दत्तूभाऊ खालून ओरडत, "खाली बघ आधी, मग उडी मार!" बाईंनी गोष्टीची सुरुवातच बदलली. नव्या सिनेमात गरुडभाऊला पहिल्या पुरात उडता येत नाही, आणि शेजाऱ्याची गाय त्याच्या डोळ्यांदेखत वाहून जाते. ज्यांनी जुना सिनेमा पाहिलेला नाही, त्यांनाही गोष्ट पहिल्यापासून कळावी, यावर त्या अडून बसल्या. उपरणे पुन्हा लाल झाले. संगणकावरचे उडणे ठेवले, पण थोडके. चहाही परत आला, मात्र आता किरण पहिल्या खेपेला घाईत जीभ भाजून घेतो. ही कल्पना मंडळातल्या मुलांची, आणि बाईंनी ती सगळ्यांसमोर वाखाणली.

पुन्हा सायखेडा. तेच पटांगण. गाय वाहून गेली तेव्हा एकही माणूस हलला नाही. किरण झाडाच्या शेंड्यावरून खाली बघत थरथरत होता, तेव्हा मागून एका आजींचा आवाज आला, "मार बाबा उडी." त्याने उडी घेतली, तसा सगळ्या पटांगणाने श्वास सोडला. जीभ भाजल्यावर तर लोक इतके हसले, की पुढचे संवाद कोणाला ऐकूच आले नाहीत.

खेळ संपल्यावर लहान मुलांनी किरणला गराडा घातला. दत्तूभाऊ जरा लांब उभे होते. गावातल्या एका गृहस्थांनी आपल्या नातवाला त्यांच्यापाशी आणले आणि सांगितले, की खरे गरुडभाऊ हे. मुलगा त्यांच्या पोटाकडे बघत राहिला. त्याला काही ते खरे वाटेना. मी बाईंकडे पाहिले. त्या दत्तूभाऊंकडे बघत होत्या.

दत्तूभाऊ खाली वाकले आणि त्या मुलाला म्हणाले, "आजोबा गंमत करतायत रे. गरुडभाऊ तो बघ, तिकडे उभा आहे. पळ."

मुलगा पळाला. बाईंनी पदराने डोळे टिपले आणि दत्तूभाऊंना म्हणाल्या, "उद्या दळण आणते." ते म्हणाले, "बारीक की जाड?"

पुढे तो सिनेमा जिल्हाभर गेला. यशाचे गुपित विचारायला बरेच जण आले, त्यांना बाई प्रेक्षकांत जाऊन बसायला सांगत. पण मी जे पाहिले ते असे, की नव्याला जागा देताना जुन्या माणसाला त्यांनी खोटे सांगितले नाही आणि टाकूनही दिले नाही. सिनेमा त्यांच्या या वागण्यामुळे चालला, असे माझे मत आहे. बाईंना ते मान्य नाही. त्या सगळे श्रेय चहाला देतात.

आज बाई एकसष्टीत पदार्पण करीत आहेत. हा सत्कार आणि हा गौरवग्रंथ त्यांना नको होता. दत्तूभाऊ आणि किरण दोघे मिळून विनवायला गेले, तेव्हा कुठे त्या हो म्हणाल्या. त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, नजर अशीच धारदार राहो आणि त्यांना भरभरून निरोगी आयुष्य लाभो. त्यांनी शंभरी गाठावी, आणि त्या शंभरीच्या ग्रंथातही लेख माझ्याकडेच मागावा. बाईंनी सांगितलेले काम मी आजवर टाळलेले नाही. तेव्हा मलाही तोवर राहणे भाग पडेल.