कापसाचा खोकला

दोंडाईच्याला मी एका जिनिंगमध्ये मुकादम आहे. हंगामात तिथे सगळेच खोकतात. कापसाची धूळ घशात बसते, मग मी गुळाचा खडा देतो आणि काम पुढे चालू. थोडक्यात, मी गुळाचा डॉक्टर.

यंदा कंत्राटदाराने ब्रह्मदेशातल्या लढाईतून पळून आलेला एक तरुण आणला. तो खोकत खोकतच फाटकातून आत आला. "कापसाचा खोकला, गूळ खा," मी ऐटीत सांगितलं. गड्याने अजून कापसाला हातही लावला नव्हता, हे माझ्यासारख्या तज्ज्ञाच्या लक्षात आलं नाही.

गूळ चालूच राहिला. मग एकदा तो रक्त थुंकला आणि मी त्याला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे मोडक्या हिंदीत त्याने सगळं सांगितलं. गावी टीबीच्या गोळ्या चालू होत्या, बॉम्बमध्ये तिथला दवाखाना जळाला, आणि पळापळीत गोळ्या कधी मिळाल्या, कधी नाही.

"अर्धवट औषधाने जंतू मुरलाय. नेहमीच्या गोळ्या त्याला आता मारत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडे आणखी कोण खोकतं?"

"साहेब, कोण खोकत नाही ते विचारा," मी हसलो. ते हसले नाहीत.

तो अजून धुळ्याच्या दवाखान्यात आहे. माझीही थुंकी तपासायला गेली आहे. काल मला खोकताना पाहून जिनिंगमधल्या एका म्हाताऱ्या हमालाने माझ्याच डब्यातला गूळ माझ्या हातावर ठेवला. "कापूसना खोकला शे नाना, काही नई व्हस."

मी गूळ तोंडात टाकला. जिनिंग होळीलाच बंद झाली, त्याला आता दोन महिने झाले.