कोंडलेल्या बाईचं कार्ड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मला मध्येच तोडू नका. कारण हा गाढवपणा माझा एकट्याचा, त्यात कुणाचीही भागीदारी नाही!

तीस सालच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा चौलच्या शाळेत मास्तर होतो आणि मला रानात भटकायचं भारी वेड. डोंगरामागच्या रानात, एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत, मला धनेशाचं घरटं सापडलं. धनेश पाहिलाय का कधी? काय ती चोच! आणि तऱ्हा तर ऐका. मादी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. उरते फक्त बोटभर फट. दोन-तीन महिने बाई आत, नवरा बाहेर, आणि फटीतून उंबरं भरवणं चालू!

मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे प्रोफेसर माझ्या ओळखीचे होते. त्यांना कळवलं, तर उलट टपाली उत्तर. "मास्तर, वरचेवर हकिगत कळवत राहा. मादी बाहेर पडायची वेळ आली की मी येतो. पण पक्ष्याचं नाव कुठे काढू नका. तेलापायी लोकांनी हे पक्षी संपवत आणलेत. आणि त्या भिंतीला कुणी हात लावला, तर पिल्लं गेलीच म्हणून समजा."

खरंच होतं ते. धनेशाचं तेल सांधेदुखीवर चालतं म्हणून आमच्या गावचा राघो शिकारी दिसला धनेश की टिपायचाच. त्या साली अख्ख्या रानात मला ही एकच जोडी दिसली होती. म्हणजे जबाबदारी केवढी! मी बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

पत्रात तर हुशारीची कमाल केली. पोस्टात पाकिटं संपलेली, म्हणून साधं उघडं कार्ड घेतलं. पक्ष्याचं नाव नाही, झाडाचं नाव नाही. आहे की नाही डोकं? मी लिहिलं:

"बाई अजून आतच कोंडलेली आहे. दार भिंत घालून बंद आहे. नवरा फटीतून भरवतो. आतून पोरांचं रडणं ऐकू येतं. डोंगरामागे कोणी फिरकत नाही, तेव्हा काळजी नसावी."

पुन्हा एकदा ऐकायचंय? हे मी शुद्धीत लिहिलं, खाली झोकदार सही ठोकली, आणि कार्ड पेटीत टाकून शीळ घालत घरी आलो.

आमचा पोस्टमन गंगाराम. उघडं कार्ड न वाचता पुढे धाडणं त्याच्या जिवावर यायचं. त्यानं ते वाचलं आणि घाबरून थेट चांगुणाआत्याच्या ओटीवर जाऊन पुन्हा मोठ्यानं वाचलं. चांगुणाआत्या भाजी विकायची. तिचा आवाज चौलात लागला की शेजारच्या रेवदंड्यात ऐकू जायचा. झालं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तो काय, अंगणात अर्धं गाव! कुणाच्या हातात कोयता, राघोच्या हातात पहार, आणि सगळ्यांच्या पुढे चांगुणाआत्या.

"मास्तर, कुनाची बाई कोंडलीय डोंगरामागं?"

"कसली बाई?"

"आता कसली इचारतोस? कारडावर सही तुजीच हाय ना?"

"अहो आत्या, ती बाई म्हणजे... तशी बाई नाही."

"मंग कोन हाय?"

"ते सांगता येत नाही. गुप्त आहे."

यापेक्षा वाईट उत्तर मला शोधूनही सापडलं नसतं! मागून बायकोचा रडवेला आवाज आला, "अहो, पोरंसुद्धा आहेत म्हणे आत?"

"चला रं डोंगरामागं!" आत्या कडाडली. लोंढा निघाला. मी धापा टाकत आडवा गेलो आणि हात जोडून ओरडलो, "कुठेही जा, पण त्या जुन्या बेहड्याकडे जाऊ नका!"

आता मला सांगा, हे कुणी विचारलं होतं का?

तासाभरात सगळे बेहड्याखाली. राघो पहार घेऊन सरसर वर चढला. "हितं भिंत हाय! फोडू काय?"

माझा जीव टांगणीला लागला. भिंत फुटली की पिल्लं मेली! मी सगळा जोर काढून किंचाळलो, "राघो, हात लावू नको! बाई नाही ती, धनेश आहे धनेश!"

जो शब्द कुणाला सांगायचा नाही, तो ज्याला मुळीच सांगायचा नाही त्यालाच सांगितला. तोही अर्ध्या गावासमोर!

"धनेस?" राघोचे डोळे लकाकले. त्यानं पहार सावरली.

इतक्यात पंखांचा घोंगावता आवाज आला आणि नर समोरच्या फांदीवर उतरला. राघोला बघून दबकला, मान वाकडी केली, पण गेला नाही. शेवटी उडी मारून ढोलीला बिलगला. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं. त्यानं एक उंबर दिलं. मग दुसरं. मग तिसरं. खाली माणसं श्वास रोखून उभी! मला तर आनंदानं नाचावंसं वाटत होतं.

"अगो बाय," चांगुणाआत्या पुटपुटली, "बालंतीन हाय ती!" आणि मग तोच रेवदंड्यापर्यंतचा आवाज: "राघ्या, उतर खाली! तिच्या भिंतीला हात लावलास तर तुजंच तेल काढीन!"

राघो मुकाट्यानं उतरला. त्या दिवसापासून गावच्या बायकांनी पाळ्या लावून झाड राखलं, आणि तेलाचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही. मी प्रोफेसरांना ऐटीत कळवलं, "सर्व गुप्त आहे. मादी बाहेर पडायची वेळ झाली. यावे."

ते रेवदंड्याला आगबोटीतून उतरले. मी बैलगाडी ठरवली. गाडीवान पलीकडच्या नागावचा, मी त्याला जन्मात पाहिलेला नाही. त्यानं पाहुण्यांची दुर्बीण न्याहाळली आणि तोंडभर हसला.

"धनेसबाईला बगाया आलाव व्हय? बसा, बसा! पन वाटंत कुनाला बोलू नका हां सायेब. मास्तरांचं गुपित हाय."

प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बैलांकडे पाहिलं.