पडलं का पाडलं

ती घटना मला मुद्दाम आठवावी लागत नाही. कुठल्याही नदीच्या पुलावरून गाडी जाऊ लागली की ती आपणहून शेजारी येऊन बसते. हल्ली काहीही घडलं की लोकांचे दोन तट पडतात. एकाला सरकारी कागद म्हणजे देववाणी वाटते, दुसऱ्याला सरकारी म्हटलं की सगळंच खोटं वाटतं. दोघांच्याही खात्रीचा मला हेवा वाटतो. मला तशी खात्री सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यापासून कधी लाभली नाही.

मी तेव्हा भीमेच्या काठी एका ठाण्यात फौजदार होतो. नदीच्या एका अंगाला शिरूर तालुका, दुसऱ्या अंगाला दौंड. माझं ठाणं कोणत्या अंगाला होतं ते सांगणार नाही. या प्रकरणातली काही माणसं अजून हयात आहेत. तिथं तेव्हा पूल नव्हता. मांडवगण फराट्याकडची माणसं दौंडच्या बाजाराला किंवा खुटबावच्या पाहुण्यांकडं निघाली, की नावेनं नदी ओलांडायची. नाव दोन भावांची होती. थोरला नाव रेटायचा आणि धाकटा माणसं चढवायचा, दोर धरायचा. नाव रेटायचा लांब वेळू थोरल्यानं धाकट्याच्या हातात कधी दिला नव्हता. "तुला नदी कळत न्हाई," असं तो चारचौघांत म्हणायचा. घटनेच्या आदल्या दिवशी त्यावरून घाटावर दोघांची चांगलीच जुंपली होती आणि ती निम्म्या गावानं पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा ओल्या कपड्यांनी एकटाच पोलीस पाटलाच्या दारात आला. आमच्या काठाजवळच्या डोहात थोरला नावेतून पडला, मी बुड्या मारल्या, सापडला नाही, अशी वर्दी त्यानं दिली. आम्ही दिवसभर गळ टाकले. प्रेत सापडलं नाही.

ते सापडलं त्याच्या पुढच्या दिवशी. पण पलीकडच्या काठाला, गुडघाभर पाण्यात, आणि डोहापासून दोन शेतं वरच्या अंगाला.

वरच्या अंगाला, हे मी दोनदा विचारून घेतलं. पाणी माणसाला खाली नेतं, वर नेत नाही. गावात तर बोलायला ऊत आला. कोणी म्हणे, मुडदा आपल्या पायांनी चालत वर गेला, कारण त्याला साक्ष द्यायची होती. कोणी म्हणे, डोहाची गोष्टच बनावट आहे. थोरल्याला वर कुठंतरी मारला आणि धाकटा खोटं बोलतोय. तिसरी गोष्ट दबक्या आवाजात चाले: पोलिसांना सगळं ठाऊक आहे, पण वरून दाबलंय. मी हॉटेलात चहाला गेलो की बोलणी गप्पकन थांबायची.

पलीकडच्या ठाण्यानं अकस्मात मृत्यूची नोंद केली, आणि संशय आमच्या गावातल्या माणसावर म्हणून कागद आमच्याकडेच पाठवून दिले. शवविच्छेदनात बुडून मृत्यू निघाला. डोक्याच्या मागच्या बाजूला एक जखम होती. ती मरणाआधीची की नंतरची, हे डॉक्टरांना पाण्यामुळे ठामपणे सांगता येईना.

मी धाकट्याला चौकशीला बसवलं. दीड दिवस तो माझ्यासमोर होता. मी मारहाण करणाऱ्यांतला नव्हतो. मी एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारायचो आणि माणसाच्या हातांकडं बघायचो. याचे हात मांडीवर स्वस्थ असायचे.

"म्या पुढं बसलो व्हतो सायब, दोर घिऊन. दादा मागं उभा व्हता. म्या वळून बघितलं तर दादा न्हाई."

"पडल्याचा आवाज आला असेल."

"न्हाई आला."

"पाणी उडालं असेल."

"पाणी हललं बी न्हवतं सायब. वेळू नावंत आडवा पडल्याला, आन् पाणी असं, आरशावानी."

दहा वेळा विचारलं, दहाही वेळा हेच शब्द, याच क्रमानं. पाठ केलेला जबाब असाच असतो. आणि ज्याच्या डोळ्यांपुढून एखादी गोष्ट हलत नाही, त्याचंही बोलणं असंच असतं. भरदुपारी मी त्याला डोहावर नेलं. त्यानं नाव लावली, बसला, वळून दाखवलं. ऊन लख्ख पडलं होतं, माझ्यासोबत दोन शिपाई होते, तरी त्यानं मान वळवली तेव्हा मीही वळून बघितलं. नावेची मागची बाजू रिकामी होती आणि तो तिकडं कुणीतरी असल्यासारखा बघत होता.

थोरल्याची बायको त्याच संध्याकाळी ठाण्यात आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, आवाज मात्र स्वच्छ. तिला ना मूलबाळ, ना माहेर. राहायचं ते त्या घरात, त्या दिराच्या आधारानं.

"सायब, मला एकच सांगा. मालक पडलं का पाडलं?"

मी म्हणालो, चौकशी चालू आहे.

"चवकशी तुमची. मला दिराच्या हातचं दोन घास खायचं हायेत, जलमभर. पाडलं असंल तर त्ये घास माझ्या नरड्याखाली उतरायचं न्हाईत. आन् पडलं असंल, तर म्या रोज एका बिनगुन्ह्याच्या माणसाला मनात शिव्या घालती. त्ये बी पापच न्हवं?"

एका कान्याचा फरक, आणि त्या कान्यावर या बाईचं उरलेलं आयुष्य टांगलेलं. प्रेत वरच्या अंगाला सापडलं, या एकाच मुद्द्यावर मी तेव्हा खुनाचा गुन्हा दाखल करायच्या बेतात होतो.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा मेंढपाळ ठाण्यासमोरच्या लिंबाखाली येऊन बसला. आत येईना. मीच बाहेर गेलो. इकडंतिकडं बघून तो म्हणाला, "मुडदा आदी अलीकडं व्हता. डोहाच्या खालतीच, लव्हाळ्यात. माझी मेंढरं बुजली म्हून म्या बघितलं."

"मग पलीकडं कसा गेला?"

"त्ये मला नका इचारू, सायब. तुमच्या खाकीवाल्याला इचारा."

आम्हा पोलिसांची एक जुनी वाईट खोड इथं सांगायला हवी. प्रेत ज्याच्या हद्दीत, पंचनामा त्याच्या गळ्यात. पुढं गाडी मिळवा, प्रेत दवाखान्यात न्या, कागद रंगवा, कोर्टाच्या खेपा घाला. नदी हीच हद्द असेल, तर काठावरचं प्रेत बांबूनं ढकलून पलीकडं लावायचं आणि हात धुवायचे. हे मी ऐकून होतो. माझ्या ठाण्यात असं होत नाही, अशी मात्र माझी समजूत होती.

मी माझ्या हवालदाराला समोर उभं केलं. माझ्यापेक्षा वयानं मोठा, कामाला वाघ. धाकट्याला विचारलेले प्रश्न मी त्याला विचारले आणि त्याच्या हातांकडं बघितलं. त्याची बोटं पट्ट्याच्या बक्कलाशी चाळा करत होती. पाचव्या मिनिटाला तो बोलला.

"पहाटे फेरी मारताना दिसलं, साहेब. म्हटलं, आपल्याला कशाला लचांड. नावेला बांधून पलीकडं नेलं. समोर ओढ फार होती, म्हणून वरच्या अंगानं गेलो. तिथंच सोडलं."

"डोक्याची जखम?"

"लव्हाळ्यातून काढताना गळ लावला होता. डोक्याला लागला का, ध्यानात नाही."

मुडद्याचं चालणं संपलं होतं. पण त्याबरोबर सगळंच संपलं होतं. प्रेत मुळात कसं पडलं होतं, पालथं की उताणं, जखम होती की नव्हती, लव्हाळं कुठं मोडलं होतं, यातलं काहीही आता कळणार नव्हतं. जखम वेळूची असू शकत होती, दगडाची किंवा आमच्या गळाची. धाकट्याविरुद्धचा एकमेव पुरावा खोटा ठरला, आणि त्याच्या बाजूचा पुरावा आम्हीच नदीत बुडवला.

मी खरा प्रकार लिहून वर कळवला. उलट टपाली निरोप आला की ठाण्याची बेअब्रू कागदावर नको. हवालदाराची बदली झाली. अंतिम अहवालात 'प्रेत प्रवाहामुळे पलीकडे गेले' असं वाक्य आहे आणि खाली माझी सही आहे. त्या सहीची मला आजही लाज वाटते. मृत्यूच्या कारणापुढं मी 'पडून' लिहिलं नाही, 'पाडल्याने' लिहिलं नाही. 'पाण्यात बुडून' एवढंच लिहिलं.

बाईनं तो कागद कुणाकडून तरी वाचून घेतला. मला म्हणाली, "बुडलं, त्ये मला ठावं हाय, सायब." आणि निघून गेली.

या प्रकरणानं मला जे शिकवलं ते फारसं सुखाचं नाही. पोलिसांनी काहीतरी दडवलंय, ही गावाची कुजबुज खरी निघाली. का दडवलंय, याबद्दलचा गावाचा तर्क साफ चुकला. आमचा कागद निम्मा खोटा होता, म्हणून गावाची गोष्ट पूर्ण खरी ठरत नव्हती. पुढच्या सबंध नोकरीत मला कुणी 'साहेब, खरं काय?' असं विचारलं, की मी आधी विचार करायचो, यातलं मला स्वतःला किती दिसलंय. बऱ्याचदा उत्तर फारच थोडं निघायचं. माहीत नाही, असं म्हणायला वर्दी अंगावर असताना फार जड जातं. मी ते हळूहळू शिकलो.

बऱ्याच वर्षांनी, पुलाचे खांब उभे राहात असताना, एका कामासाठी मी त्या घाटावर गेलो. नाव अजून चालू होती. वेळू धाकट्याच्या हातात होता, केस पांढरे झाले होते. नावेत भावाची बायकोही होती, पलीकडं बाजाराला निघालेली. बाकी बायका पाण्याकडं तोंड करून बसल्या होत्या. ती एकटी उलटी, दिराकडं तोंड करून बसली होती. एक बाई माझ्या कानाशी म्हणाली, "कायम अशीच बसती. कवाच पाठ करत न्हाई त्येला. घरात बी."

डोहाजवळ आल्यावर त्यानं वेळू थांबवला. पाणी आरशासारखं होतं. त्यानं मला ओळखलं होतं.

"सायब," तो म्हणाला, "तुम्ही एवढं शिकल्यालं. तुम्हाला काय वाटतं? दादा पडला का पाडला?"

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. पंचवीस वर्षांची नोकरी, शेकडो जबाब, आणि मला कळेना की हा विचारतोय की चाचपतोय. त्याची वहिनीही पापणी न हलवता त्याच्याकडंच बघत होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"मला बी न्हाई," तो म्हणाला, आणि नाव पुढं निघाली.

पलीकडच्या काठाला उतरलो तेव्हा माझी मान अवघडली होती. मग माझ्या लक्षात आलं, सबंध वाटेत मीही त्याच्याकडं पाठ केली नव्हती.