आराम से

आष्ट्याचे एक निवृत्त सुभेदार दर मंगळवारी सांगलीला आमच्या कॉलेजात ध्यान शिकायला येतात आणि पंख्यालासुद्धा दम भरतात. नवशिक्यांच्या डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरींची रेघ पडद्यावर टिपायचं काम माझं. अशा तापट माणसाची रेघ संथ होणारच नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं. त्यांच्या भाषेत सांगावं म्हणून परवा "विश्राम!" म्हणालो, तर खुर्चीतच हात पाठीमागे बांधून ते आणखी ताठले.

"आवं, विश्रामात बी जवान ताठच ऱ्हातो," ते म्हणाले. मग डोळे मिटून त्यांनी स्वतःलाच हुकूम सोडला, "आराम से!"

खांदे उतरले. पडद्यावरची रेघ संथ झाली आणि तशीच राहिली.

"बघा, मेंदूला बी बराबर हुकूम लागतो!" डोळे उघडताच ते गरजले. रेघ पडद्याबाहेर उडाली, पण मी टाळ्या वाजवण्यात गुंग, ती बघतंय कोण!