तांदळातलं नाव

मला समाजकार्याची पदवी घ्यायची होती आणि माझ्या वाटेत आडवं आलं ते माझंच नाव. वय आडवं येईल, घर येईल, पैसा येईल, हे मी धरूनच चालले होते. त्या तिघांशी भांडायला पदर खोचून तयार होते. पण नावाशीही भांडावं लागेल, हे कुठल्या बाईच्या स्वप्नात तरी येईल का हो?

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती. नागपूरच्या धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात मी चिठ्ठ्या फाडायच्या खिडकीवर बसत होते. अख्ख्या विदर्भातून माणसं यायची. वळकटी, पाण्याचा डबा, सोबत घाबरलेलं एखादं म्हातारं. चिठ्ठी फाडणं हे माझं काम, पण दिवसभर मी दुसरंच करायची. डॉक्टर काय बोलले ते त्यांना त्यांच्या भाषेत सांग, धर्मशाळेत जागा मिळते का बघ, गोळी उपाशीपोटी घ्यायची की जेवून ते पुन्हा पुन्हा घोकून घे. एकदा एक बाई नवऱ्याच्या ऑपरेशनच्या कागदावर अंगठा द्यायला तयारच होईना. डॉक्टर ओरडले, नर्स ओरडली. मी तिच्याजवळ खाली बसले तेव्हा कळलं, की तिच्या सासऱ्यानं कुणाच्या तरी कागदावर अंगठा दिला होता आणि वावर गेलं होतं. तिला वाटत होतं, हाही तसाच कागद. तिला समजावलं, अंगठा झाला, ऑपरेशन झालं.

त्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "बाई, हे तुम्ही करता त्याची डिग्री असते. सरकारी दवाखान्यात त्याची पक्की नोकरी असते. इथं फुकट काहून करून राहिल्या?"

झालं. ते वाक्य डोक्यात शिरलं ते शिरलंच. बी.ए. मी झालेली होते. वडील खाप्याला शाळामास्तर, त्यांनी हट्टानं मला नागपूरला वसतिगृहात ठेवून शिकवलं होतं. परीक्षा संपली त्याच उन्हाळ्यात लग्न उरकलं आणि निकाल लागला तेव्हा मी सासरी भाकऱ्या थापत होते. ती पदवी ट्रंकेच्या तळाशी पडून होती. वय चाळिशीला टेकलेलं, मुलगी कॉलेजात जाण्याच्या बेताची. म्हटलं, जाऊ दे, लोक हसतील तर हसतील.

समाजकार्याच्या कॉलेजात अर्ज दिला, मुलाखत झाली. मुलाखतीत निवडही झाली, हे मुद्दाम सांगते. नंतरचं सगळं कॉलेजच्या कचेरीतल्या ज्या बाबूमुळे झालं तो मला नालायक समजत होता असं कुणाला वाटू नये. त्याला माझ्या लायकीशी काही घेणंच नव्हतं. त्यानं पदवी एका हातात धरली, उत्पन्नाचा दाखला दुसऱ्या हातात धरला आणि विचारलं, "ही बाई कोण?"

"मी."

"आणि ही?"

"तीपण मीच."

"बाई, आडनाव बदलते ते मले समजते. मधलं नाव बदलते तेही समजते. पण इथं तर पहिलंच नाव वेगळं आहे. एक अक्षर जुळून नाही राहिलं."

आता आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला हे सांगावं लागतं का? लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव अंगठीनं त्यात नवरीचं नवीन नाव लिहितो, पेढे वाटतात, संपलं. माझंही तसंच झालं. तेही नवऱ्याला हौस होती म्हणून नव्हे. माझं माहेरचं नाव आणि माझ्या सासूबाईंचं नाव एकच होतं. एका घरात एका नावाच्या सासू-सुना कशा चालतील? कुणी सुनेला हाक मारायची आणि सासूचा अपमान व्हायचा. म्हणून सासूबाईंनीच दुसरं नाव सुचवलं आणि यांनी मान खाली घालून ते तांदळात लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. आणि गंमत अशी, की ते नाव यांनी त्यानंतर एकदाही तोंडानं घेतलं नाही. मला यांची हाक म्हणजे "अवं, ऐकून राहिली का?" बस.

हे सगळं मी बाबूला सांगितलं. तो म्हणाला, "तांदळात लिहिलेलं इथं चालत नाही. कागदावर आणा. नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र, आणि लग्नाला हजर असलेल्या वडीलधाऱ्या माणसाचं. शेवटच्या तारखेच्या आत. नाही तर सीट दुसऱ्याला, आणि फी माफीचं तर नावच काढू नका."

फी माफी नाही तर प्रवेश नाही, एवढं साधं गणित होतं. यांचा कारकुनाचा पगार, घरभाडं, मुलीची फी. माझ्या खिडकीच्या पगारात पुस्तकं आली असती फार तर. शिवाय कॉलेजसाठी तो पगारही सोडावा लागणार होता. म्हणून मी दुसरीकडेही हात पसरले. आमच्या समाजाच्या मंडळाकडून होतकरू विद्यार्थ्यांना मदत मिळायची. खाप्याच्या मंडळात माझे चुलतकाका होते. बसनं गेले, चहा प्याले, सगळं सांगितलं. काका म्हणाले, "पोरी, तू दिली लेक. दिल्या घरचं मंडळ पाह्यते ना तुले." सीताबर्डीत सासरच्यांचं मंडळ होतं, तिथं गेले. अध्यक्षांनी पदवी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "हे शिक्षण तर माहेरच्या नावावर आहे. सुनेचं शिक्षण झाल्याचा आमच्याजवळ काही पुरावा नाही."

मी विचारलं, "मग मी शिकले ती कोणाची?"

ते हसले. मला इतका संताप आला की तिथंच त्यांच्या टेबलावरची पाण्याची सुरई उचलून आपटावीशी वाटली. आपटली नाही. अजून वाटतं, आपटायला हवी होती.

घरी येऊन मी यांना सांगितलं, की कचेरीत चलावं लागेल. हे भले माणूस, पण काम म्हटलं की उद्यावर ढकलायचं. "पाहू ना वं. साहेबाले विचारतो. सुट्टी पाह्यतो." मी म्हटलं, "अवो, सीट जाईल तेव्हा सुट्टी मिळून काय उपयोग?" आणि वडीलधारं माणूस म्हणून लग्नाला हजर असलेलं हाताशी कोण? सासरे गेलेले, माझे वडील गेलेले. उरल्या सासूबाई. त्यांना माझं शिकणं मुळीच पसंत नव्हतं. "लेकीच्या लग्नाचं पाहावं का आपण शाळेत जाऊन बसावं?" हे रोजचं. त्यांना सांगायचं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालणं.

पण त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "नाव म्याच बदलवलं होतं ना तुयं? मंग म्याच सांगतो. त्यात काय?" आणि धुतलेलं लुगडं काढायला उठल्या.

जिल्हा कचेरीच्या आवारात झाडाखाली अर्जनवीस टाइपरायटर घेऊन बसायचे. ऊन असं की झाडाची सावलीही तापलेली. यांचं प्रतिज्ञापत्र झालं. मग अर्जनवीसानं सासूबाईंना विचारलं, "आजी, नाव सांगा पूर्ण."

सासूबाईंनी पहिलं नाव सांगितलं आणि थांबल्या.

"पुढं?"

त्या माझ्याकडे पाहायला लागल्या. पुढं सासऱ्यांचं नाव. ते त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं आणि सासरे गेल्यावरही घेणार नव्हत्या. अर्जनवीस म्हणाला, "आजी, कोर्टात घेतलं तर चालते." त्या म्हणाल्या, "कोर्टात चालत असंन, मले नाही चालत." शेवटी यांनी ते सांगितलं. अर्जनवीसानं टाइप केलं, मग माझ्या कागदाकडे पाहिलं, पुन्हा सासूबाईंच्या कागदाकडे पाहिलं, आणि चष्मा काढला.

"साहेब, साक्षीदाराचं नाव आणि अर्जदाराचं लग्नाच्या आधीचं नाव एकच कसं? आतले साहेब मले विचारतीन, या बाया दोन हायेत का एकच?"

मी कपाळावर हात मारून घेतला. बाबूला एका बाईच्या जागी दोन दिसत होत्या, याला दोघींच्या जागी एक दिसायला लागली. बाप्पा! नशीबच फुटकं असलं की कागदही उलटे चालतात. "अहो, म्हणूनच तर नाव बदललं!" मी ओरडले. इतकी ओरडले की पलीकडच्या झाडाखालचे लोक पाहायला लागले. हे म्हणाले, "हळू बोल ना वं." मी म्हटलं, "तुम्ही हळू बोलत बसले म्हणूनच आज शेवटची तारीख आहे." सासूबाईंनी मधेच अर्जनवीसाला दटावलं, "ए बाबू, मी म्हातारी, ही जवान. दिसत नाही का तुले? लिही तसं." आणि त्यानं खरंच दोघींची वयं टाइप केली. अंगठा झाला, शिक्का झाला. सायकलरिक्षानं कॉलेज गाठलं तेव्हा बाबू खिडकी लावत होता. त्यानं कागद घेतले, तीनदा वाचले आणि म्हणाला, "ठीक आहे. प्रवेश पदवीवरच्या नावानं राहीन." मी म्हटलं, "कोणत्याही नावानं राहू द्या, पण राहू द्या." फी माफी मंजूर झाली. अट एवढीच, की हजेरी कमी पडली तर माफी रद्द.

पहिल्या दिवशी मी ठेवणीतली कॉटनची साडी नेसून गेले. वर्गात सगळी विशीतली पोरं. मी भिंतीकडच्या बाकावर बसले. सर आले, हजेरी सुरू झाली. मध्येच एक नाव त्यांनी दोनदा घेतलं. कुणी ओ दिली नाही. मीही मागे वळून पाहिलं. मनात म्हटलं, काय बाई ही पोरगी! आम्ही इथं सीटसाठी रक्त आटवलं, आणि ही पहिल्याच दिवशी दांडी मारते! सरांनी गैरहजर मांडली आणि पुढे गेले.

हजेरी संपली. माझं नाव आलंच नाही. माझी सटकली. पुन्हा त्या बाबूनं काहीतरी घोळ घातला! मी उभी राहिले. "सर, माझं नाव राहिलं."

"सांगा."

मी सांगितलं. सरांनी यादीवरून बोट फिरवलं. "या नावाचं कोणी नाही."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. मी सरांना कसंबसं सांगितलं, की मघाशी दोनदा घेतलं ते नाव माझंच. सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत, ते बरं. पण म्हणाले, "लागलेली गैरहजेरी मी खोडत नाही. आपल्या नावाला ओ द्यायची सवय करा." पदवी मिळवलेलं नाव, वडिलांनी ठेवलेलं नाव, शपथेवर सिद्ध केलेलं नाव. आणि ते कानावर पडल्यावर मी दुसरीलाच शोधत होते. घरी येईपर्यंत मी रडत नव्हते, चिडत होते. दोन्ही एकदम येत होतं.

संध्याकाळी हे आले, चहा झाला. मी म्हटलं, "मला आवाज द्या."

"काहून?"

"सवय करायची आहे. त्या नावानं आवाज द्या. मी स्वयंपाकघरात जाते, तुम्ही इथून द्या."

यांचा चेहरा पडला. "अवं, ते मायचं नाव आहे. माय आत निजली आहे. मायचं नाव कसं घेऊ मी?"

"ते माझं आहे. शपथेवर सांगितलं ना कचेरीत? एवढ्या वर्षांत एका तरी नावानं हाक मारली का मला? जे लिहिलं तेही तुम्ही घेतलं नाही. घ्या आता. फी माफी जाईल नाही तर."

मी आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिले. मग यांनी घसा खाकरला आणि हाक मारली. अगदी हळू, परक्याच्या घराबाहेर उभं राहून मारावी तशी.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "ओ!"

सासूबाई उठून दारात आल्या. केस विस्कटलेले, पदर एका खांद्यावरून ओघळलेला. त्या यांच्याकडे पाहत नव्हत्या, बाहेरच्या दाराकडे पाहत होत्या. त्या घरात त्यांना कुणी माय म्हणायचं, कुणी काकू, कुणी आजी. सासरे तर त्यांना काहीच म्हणायचे नाहीत.

"कोन आलं गा?" त्यांनी विचारलं. "मले नावानं आवाज देल्ला. मले वाटलं माया भाऊ आला."

त्यांचा भाऊ माझ्या लग्नाच्याही आधी वारलेला. मला दिवसभराचा राग होता, तो कुणावर काढावा तेच कळेना. मी सासूबाईंचा हात धरून त्यांना खाटेवर बसवलं, त्यांचा पदर नीट केला, आणि त्यांच्याजवळ बसले.

"कोणी आलं नाही आई. बसा इथंच," मी म्हटलं, आणि यांच्याकडे वळले. "घ्या. पुन्हा घ्या नाव. जरा मोठ्यानं."